उसाची दोन अपत्ये : अरिष्ट आणि रम

हाटकेश परिसरातील माझ्या चिकित्सालयात पौष-माघाच्या थंडीत एक प्रश्न दरवर्षी हमखास विचारला जातो. "डॉक्टर, सर्दीवर गरम पाण्यातून थोडी रम घेतली तर चालेल ना? उसाचीच असते, म्हणजे आयुर्वेदिकच झाली की!" दुसरा प्रश्न वर्षभर चालू असतो. अरिष्टाची बाटली हातात फिरवत रुग्ण हळूच विचारतो, "यात दारू नाही ना?" पहिल्या प्रश्नावर आपण हसतो वा रागावतो. दुसऱ्या प्रश्नावर आपल्यापैकी पुष्कळजण "छे हो, हे औषध आहे" असे म्हणून पुढच्या रुग्णाला हाक मारतात. मीही तेच करीत असे. काही वर्षांपूर्वीच्या एका प्रसंगानंतर मी ते सोडले.

येथील लहान कारखान्यांच्या गाळ्यांपैकी एका गाळ्यात लेथ चालवणारे एक गृहस्थ माझ्याकडे अर्श व मलावष्टंभाची तक्रार घेऊन आले. प्रकृती वातप्रधान, अग्नी मंद, बैठक फार. मी अभयारिष्ट लिहून दिले, चार चमचे समभाग पाण्यातून, दोन वेळा जेवणानंतर. दुसऱ्याच दिवशी रात्री त्यांच्या पत्नीने व धाकट्या भावाने त्यांना रिक्षातून आणले. चेहरा लालबुंद, छातीत धडधड, डोके ठणकत असलेले, उलट्या थांबत नव्हत्या. भाऊ दारातूनच म्हणाला, "परत प्यायला लागलाय, साहेब." पत्नी रडत सांगत होती, "डॉक्टर, सहा महिन्यांत थेंबाला शिवलेले नाहीत, शपथेवर सांगते." रुग्णाला बोलण्याचे त्राण नव्हते. मग पत्नीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. ती डायसल्फिरॅमची होती. मद्य सोडण्यासाठी मनोविकारतज्ज्ञांनी दिलेली.

त्यांना तातडीने रुग्णालयात पाठवले. दोन दिवसांत ते बरे होऊन घरी आले. त्यांनी मद्य घेतले नव्हते, ते मी दिले होते. भावाला हे मी स्वतः जाऊन सांगितले. तरीही रुग्णाचे एक वाक्य अजून कानात आहे : "तुम्ही औषध आहे म्हणालात, म्हणून मी विचारलं नाही."

त्या दिवसापासून ज्या उसापासून आपले अरिष्ट होते आणि ज्या उसापासून रम होते, त्या दोघांचे नाते नीट समजून घ्यावे असे वाटू लागले. प्रस्तुत लेख हा त्या अभ्यासाचा सारांश आहे. सहव्यावसायिक वैद्य आणि औषधनिर्माणशाळांचे चालक या दोघांनाही त्यात उपयोगाचे काही सापडेल, अशी आशा आहे.

संहितांतील ऊस

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात आसवांच्या नऊ योनी सांगून एकूण चौऱ्याऐंशी आसवे मोजली आहेत. धान्य, फळ, मूळ, सार, पुष्प, काण्ड, पत्र, त्वचा व शर्करा या त्या योनी होत. त्यांतील काण्डासवे केवळ चार असून ती चारही ऊस व त्याच्याच जातभाईंची आहेत. नववी योनी जी शर्करा, तीही उसाचीच लेक. चौऱ्याऐंशींत ही पाच आसवे संख्येने अल्प दिसतात. तथापि उरलेल्या बहुतेक आसवारिष्टांत गोडी आणण्याचे काम आज गूळ वा साखरच करते, हे लक्षात घेतले म्हणजे उसाचे स्थान कळते.

सत्ताविसाव्या अध्यायातील मद्यवर्गात याहून सूक्ष्म भेद आढळतात. उसाचा रस शिजवून संधान केल्यास पक्वरस, न शिजवता केल्यास शीतरसिक, गुळापासून केल्यास गौड आणि साखरेपासून केल्यास शार्कर. या प्रत्येकाचे गुण निराळे सांगितले आहेत. पक्वरस रुचिकर, दीपन, हृद्य, वर्ण्य आणि शोफ-अर्शांत हितकर. शीतरसिक पाचक व लेखन. गौड मल व वात यांचे सारण करणारा, तर्पण व दीपन. शार्कर मुखप्रिय, सुगंधी आणि मृदू मदाचा. वाग्भटाचार्यांनी सीधूच्या दोन प्रकारांत पक्वरसास श्रेष्ठ मानले. शार्ङ्गधराचार्यांनी मध्यमखंडात आसव, अरिष्ट व सीधू यांच्या व्याख्या देताना हाच पक्व-अपक्व भेद पायाभूत धरला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या आचार्यांनी उसाच्या मद्याचे वर्गीकरण केवळ चवीवर केले नाही. मूळ द्रव्य कोणते, त्यावर अग्निसंस्कार झाला की नाही, आणि ते नवे की जुने, हे तीन प्रश्न त्यांनी विचारले. नवे मद्य गुरू व दोषकर, जुने झाल्यावर लघू, दीपन व स्रोतोशोधक, असा निर्वाळा चरकांनी दिला आहे. आज जगातील रमचे जाणकार जे वर्गीकरण करतात, ते याच तीन प्रश्नांभोवती फिरते. चौथा एक प्रश्न मात्र नवा आहे : ऊर्ध्वपातन कोणत्या यंत्रातून केले?

गुळाचा मद्यार्क कसा होतो

संधानाचे मूळ रसायन साधे आहे. किण्व, म्हणजेच यीस्ट, साखरेचे विघटन करून मद्यार्क आणि कर्बवायू निर्माण करते. १०० ग्रॅम ग्लुकोजपासून सिद्धांततः सुमारे ५१ ग्रॅम मद्यार्क व ४९ ग्रॅम कर्बवायू मिळतो. प्रत्यक्षात उतारा याहून कमी येतो. संधानपात्रास कान लावल्यावर ऐकू येणारा बुडबुड्यांचा आवाज आणि पात्रात धरलेली पेटती काडी विझणे, या आपल्या परंपरागत परीक्षा म्हणजे कर्बवायूचीच परीक्षा होय. आवाज थांबला, काडी जळत राहिली, की संधान पूर्ण झाले.

आपल्या पद्धतीत किण्वाचे वाहन धायटीची फुले असतात. त्यांवर नैसर्गिक यीस्ट वसलेले असते आणि फुलांतील कषाय द्रव्ये संधानाला शिस्त लावतात. रमच्या कारखान्यात हेच काम निवडलेले, वाढवलेले यीस्ट करते. काही ठिकाणी मात्र आजही हवेतील व भांड्यातील रानटी यीस्टवर विसंबतात.

येथपर्यंत अरिष्ट आणि रम यांची वाट एकच आहे. मद्यार्क एका मर्यादेपुढे वाढला की किण्व स्वतःच मंदावते. म्हणून केवळ संधानाने झालेले द्रव्य फार तीव्र होऊ शकत नाही. मळीच्या संधानात साधारण ६ ते १० टक्के मद्यार्क येतो. आपल्या आसवारिष्टांचे प्रमाणही याच्याच आसपास असते आणि औषधी नियमांनुसार सर्वसाधारण आसवारिष्टांत स्वयंजनित मद्यार्काची कमाल मर्यादा १२ टक्के आहे.

फाटा येथे फुटतो. वैद्य या टप्प्यावर थांबतो, गाळतो, मुरू देतो आणि देताना चमच्याने मोजतो. रम करणारा तेच द्रव्य तापवतो. पाण्याआधी मद्यार्क उडतो, त्याची वाफ थंड करून धरली की तीव्र द्रव हाती येतो. या ऊर्ध्वपातनात वनस्पतींचे अनुड्डयनशील घटक, म्हणजे कषायद्रव्ये, क्षार, शर्करा, सर्व मागे पात्रात राहतात. अरिष्टातील हिरडा वाफेबरोबर पलीकडे जात नाही. मद्यार्क व सुगंध तेवढे जातात. "रमही उसाचीच" या युक्तिवादास याहून सोपे उत्तर नाही.

ऊर्ध्वपातन आपल्या परंपरेस अगदीच परके होते असेही नाही. भैषज्यरत्नावलीतील मृतसंजीवनी सुरा ही जुना गूळ, बाभळीची साल व अनेक सुगंधी द्रव्ये यांचे संधान करून नंतर यंत्राने ओढलेली सुरा आहे. द्रव्य व कृती पाहता, मसाले घातलेल्या रमचे सर्वांत जवळचे शास्त्रीय रूप तेच म्हणता येईल. याच कारणास्तव ती साध्या अरिष्टासारखी गणली जात नाही आणि तिची विक्रीही लहान बाटलीपुरतीच मर्यादित ठेवली आहे. आपल्या ग्रंथांनीही ओढलेल्या सुरेस अरिष्टाच्या पंक्तीला बसवलेले नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

जगभरातील रम

ऊस आशियातून पश्चिमेस गेला आणि सतराव्या शतकात कॅरिबियन बेटांवर त्याचे मळे उभे राहिले. ते आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उभे राहिले, हे विसरून चालणार नाही. साखर केल्यावर उरणारी मळी टाकाऊ होती. ती आंबवून ओढली की मद्य मिळते, हे ध्यानी आल्यावर बार्बाडोस बेटावर रम जन्मास आली. तेथील माउंट गे या भट्टीचा दस्तऐवज १७०३ सालचा आहे. बार्बाडोसची रम आजही मध्यम गुणांची मानली जाते : फार जडही नाही, फार हलकीही नाही, कारण तेथे भांड्याच्या भट्टीचा व स्तंभाच्या भट्टीचा माल एकत्र करतात.

जमैकाची रम याच्या अगदी उलट. तेथे संधान दीर्घकाळ चालवतात आणि मागील ऊर्ध्वपातनानंतर पात्रात उरलेला आंबट द्रव, ज्यास डंडर म्हणतात, तो पुढील संधानात मिसळतात. त्यात जिवाणूंनी केलेली आम्ले असतात. आम्ले आणि मद्यार्क यांच्या संयोगातून एस्टर निर्माण होतात आणि अतिपक्व केळे-अननसासारखा उग्र गंध येतो. ही रम एस्टरच्या प्रमाणावरून श्रेणीबद्ध करतात. आपले अरिष्ट मुरल्यावर जो सुगंध येतो, त्यामागे हीच क्रिया सौम्य रूपात असते. तीच हाताबाहेर गेली की आपण त्यास शुक्त म्हणतो व बाजूला काढतो.

फ्रेंच वसाहतींत, विशेषतः मार्टिनिक बेटावर, एकोणिसाव्या शतकात बीटच्या साखरेमुळे उसाच्या साखरेचा भाव कोसळला. तेव्हा मळेवाल्यांनी साखर न करता ताज्या उसाच्या रसाचेच संधान सुरू केले. या रमला गवताचा, हिरव्या उसाचा गंध असतो. मार्टिनिकच्या या रमला १९९६ साली फ्रान्सने द्राक्षमद्याप्रमाणे प्रदेशनिष्ठ मानांकन दिले. ब्राझीलची काशासा हीदेखील ताज्या रसाचीच. तिच्यात मद्यार्क ३८ ते ४८ टक्के असावा असा तेथील नियम आहे. मळीची रम आणि रसाची रम हा आजचा मुख्य भेद ऐकला की चरकांचे गौड व शीतरसिक आठवल्याशिवाय राहत नाहीत.

क्यूबातील रम हलकी व स्वच्छ. १८३० साली आयर्लंडच्या इनिअस कॉफी यांनी सतत चालणाऱ्या स्तंभयंत्राचे पेटंट घेतले. त्या जातीच्या यंत्रांतून जवळजवळ निर्गंध मद्यार्क काढता येऊ लागला. १८६२ साली सँटियागो शहरात फाकुंदो बकार्डी यांनी सुरू केलेल्या व्यवसायाने कोळशातून गाळलेली हलकी रम जगभर नेली. गयानात डेमेरारा नदीकाठी लाकडी भट्ट्या आजही वापरात असून तेथील रम जड व काळसर असते. जावा बेटावरील बटाव्हिया अरॅकमध्ये मळीच्या संधानासाठी लाल तांदळाच्या किण्वाच्या वड्या वापरतात. किण्व तयार करून ठेवण्याच्या आपल्याकडील जुन्या रीतीशी तिचे साम्य सहज लक्षात येते.

मुरवण हा शेवटचा संस्कार. ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे ठेवल्याने रंग, गंध व मार्दव येते. उष्ण प्रदेशांत पिंपातून बाष्पीभवन झपाट्याने होते, म्हणून तेथील सात वर्षे थंड देशातील कितीतरी अधिक वर्षांसारखी मानतात. आपल्या देशात मोहन मीकिन या कंपनीने १९५४ साली बाजारात आणलेली ओल्ड मंक ही गडद, मुरवलेली रम सर्वपरिचित आहे. तिच्यात ४२.८ टक्के मद्यार्क असतो. बाजारातील सर्वच गडद रम मुरवलेल्या असतात असे मात्र नाही. पुष्कळदा काळा रंग कॅरमेलचा, म्हणजे जाळलेल्या साखरेचा असतो. औषधांच्या बाजारातही रंगावरून गुण ठरवण्याची ही खोड आपल्या परिचयाची आहे.

आपला प्रदेश आणि रम

रमचा इतिहास केवळ दूरच्या बेटांचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी साष्टी बेटावरील भांडुप येथे ल्यूक अॅशबर्नर या इंग्रज जमीनदाराच्या मालकीची मोठी भट्टी होती आणि तेथील रम सरकारला पुरवली जात असे. हा अॅशबर्नर मुंबईचा आल्डरमन व 'बॉम्बे कुरिअर'चा संपादक होता. इंग्रज सैन्यात आणि आरमारात रम हे शिध्यातील अन्न होते. १७४० साली अॅडमिरल व्हर्नन यांनी खलाशांचा रोजचा अर्धा पाइंट रम पाणी घालून दोन वेळांत विभागून देण्याचा हुकूम काढला, आणि ती शिध्याची प्रथा ब्रिटिश आरमारात ३१ जुलै १९७० पर्यंत चालली. मात्रा विभागणे व पाणी मिसळणे यांचे महत्त्व त्या अॅडमिरलला अनुभवाने कळले. आपल्याकडे समभाग जलाचा नियम रोजच्या चिठ्ठीवर लिहिला जातो.

महाराष्ट्रात १९५० साली प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर कारखान्यांची रांग लागली आणि मळीचे डोंगर झाले. एक टन उसामागे साधारण चाळीस ते पंचेचाळीस किलो मळी निघते, आणि एक टन मळीपासून सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क मिळू शकतो. रुग्णालयातील स्पिरिट, प्रयोगशाळेतील मद्यार्क, पेट्रोलमध्ये मिसळण्याचे इथेनॉल आणि रम ही सारी या एकाच मळीची भावंडे.

याच काळात आपल्या व्यवसायावर एक मोठे संकट येऊन गेले, हे तरुण वैद्यांस बहुधा ठाऊक नसते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मद्यार्कयुक्त औषधेही ओढली गेली होती. त्यास न्यायालयात आव्हान दिले गेले. १९५१ साली 'मुंबई राज्य विरुद्ध एफ. एन. बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यत्वे वैध ठरवला, मात्र मद्यार्कयुक्त औषधी व प्रसाधने बाळगण्यास व वापरण्यास आडकाठी करणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. औषध हे औषध आहे, मद्य नव्हे, हा भेद तेथे मान्य झाला. आज आपण निर्धास्तपणे अरिष्ट विकतो त्यामागे हा निर्णयही उभा आहे. हा भेद न्यायालयाने आपल्यावर विश्वासाने सोपवला आहे, तो टिकवणे हे आपले काम होय. कौटिल्यानेही सुराध्यक्षाच्या प्रकरणात गूळ, पिंपळी व मिरी घातलेल्या मैरेयाचा पाठ स्वतः दिला, परंतु अरिष्टांचे प्रमाण चिकित्सकांवर सोपवले. अधिकार वैद्याचा, म्हणून उत्तरदायित्वही वैद्याचे.

औषधनिर्माणशाळेसाठी बोध

रमच्या इतिहासात एक दुखणे वारंवार येते. अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमध्ये व अमेरिकेतील वसाहतींत रम पिणाऱ्यांस तीव्र उदरशूल, मलावरोध व हातापायांचा लुळेपणा होत असे. कारण मद्य नव्हे, तर भट्टीच्या नळ्यांतील व डोक्यावरील शिसे होते. मॅसॅच्युसेट्स प्रांताने १७२३ सालीच भट्टीत शिशाचे भाग वापरण्यावर बंदी घातली. आम्लधर्मी, मद्यार्कयुक्त द्रव धातूस खातो, हा त्यातील धडा. आपल्या ग्रंथांनी संधानासाठी घृतलिप्त मृत्पात्र सांगितले, त्यामागील सावधगिरी लक्षात घ्यावी. आज पिंप लाकडाचे असो वा पोलादाचे, तोट्या, जोड, झाळणी व गाळण्याची साधने यांची तपासणी तितक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी.

दुसरा मुद्दा गुळाचा. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात काहिलीतला रस उकळताना भेंडीच्या चिकाने मळ वर काढतात आणि अनुभवी गुळव्या पाकाची पारख करून काहील उतरवतो. हा गूळ स्वभावतः तांबूस-तपकिरी असतो. बाजारास पिवळाधमक गूळ आवडतो म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस नावाची गंधकयुक्त पूड घालतात. गंधकाची ही संयुगे यीस्टला मारक आहेत. संधान अडले, आठवडा उलटूनही बुडबुडा नाही, अशी तक्रार आली की बहुधा आपण धायटीला दोष देतो. गुळाची ढेप आधी तपासावी. रंगास भुलून घेतलेला स्वस्त गूळ शेवटी महाग पडतो. साखरमिश्रित गुळातही खनिजे व गाळ कमी असल्याने संधानाची चाल व चव बदलते.

तिसरा मुद्दा : संधान अपुरे असताना बाटली भरू नये. उरलेल्या साखरेवर किण्व बाटलीत पुन्हा कामास लागते आणि बूच उडते वा बाटली फुटते. चौथा मुद्दा तर सांगण्याचीही आवश्यकता नसावी. संधान फसले म्हणून बाहेरचा मद्यार्क मिसळून प्रमाण गाठणे हा कायद्याचा भंग आहेच, शिवाय शास्त्राशी प्रतारणा आहे. आमच्या भागापासून फार दूर नसलेल्या मालवणी येथे जून २०१५ मध्ये मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. औद्योगिक मद्यार्काचा एक चुकीचा पिंप काय करू शकतो, हे त्या वस्तीने पाहिले आहे.

चिकित्सालयासाठी बोध

मात्रेचे गणित मांडून पाहावे. ८ टक्के मद्यार्काचे अरिष्ट दिवसास ४० मिलिलिटर दिले, तर रुग्णाच्या पोटात सुमारे ३.२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क जातो. ४२.८ टक्क्यांच्या रमच्या ६० मिलिलिटरमध्ये तो सुमारे २५.७ मिलिलिटर असतो, म्हणजे आठपट. निरोगी प्रौढास पहिले प्रमाण क्षुल्लक आहे. तथापि "क्षुल्लक" म्हणजे "शून्य" नव्हे. माझी चूक याच दोन शब्दांच्या मधल्या फटीत झाली.

डायसल्फिरॅम चालू असता, आणि ते थांबवल्यानंतरही साधारण दोन आठवडे, अल्प मद्यार्कही त्रास देऊ शकतो. मेट्रोनिडॅझोलसारख्या काही जंतुघ्न औषधांबरोबरही मद्यार्क टाळण्याची सूचना असते. यकृताचे विकार, गर्भावस्था, बालके, आणि विशेषतः ज्याने कष्टाने मद्य सोडले आहे असा रुग्ण, यांच्याबाबत अरिष्ट लिहिण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबली पाहिजे. सोडलेल्या माणसास केवळ चव व गंधदेखील जुन्या वाटेवर नेऊ शकतो.

आमच्या मीरा-भाईंदरमध्ये आणखी एक बाजू आहे. येथे जैन कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, त्यांतील अनेकांस मद्याइतकाच मधही वर्ज्य असतो. मुस्लिम कुटुंबेही पुष्कळ आहेत. अरिष्टात मद्यार्क असतो, पुष्कळ पाठांत मधही असतो. हे न सांगता बाटली हातात देणे म्हणजे रुग्णाच्या श्रद्धेचा निर्णय त्याच्या वतीने आपणच घेणे. सांगितल्यावर काहीजण घेतात, काहीजण नाकारतात. नाकारणाऱ्यांसाठी चूर्ण आहे, क्वाथ आहे, वटी आहे, अवलेह आहे. अभयारिष्टाऐवजी हरीतकी चूर्ण कोष्ण जलाबरोबर देता येते. त्या लेथवाल्या गृहस्थांस मी पुढे तेच दिले आणि ते पुरेसे ठरले.

राहिला सर्दीच्या रमचा प्रश्न. मद्याने त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर जात असते. चरकांनी चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध असल्याचे सांगितले आहे. युक्तीने घेतलेले मद्य अमृतासारखे आणि अयुक्तीने घेतलेले रोगकारक, हे तेथील प्रतिपादन आहे. त्यातला पहिला भाग रुग्ण आपल्याला ऐकवतात, दुसरा आपण त्यांना ऐकवावा. युक्ती म्हणजे प्रकृती, अग्नी, काळ, मात्रा व द्रव्य यांचा विचार. "उसाचीच आहे" ही युक्ती नव्हे. सुंठ, तुळस व गवती चहाचा गरम काढा त्याहून अधिक काम करतो आणि दुसऱ्या दिवशी आणखी एका पेल्याची मागणी करीत नाही.

समारोप

आसवारिष्टे ही आयुर्वेदाची थोर देणगी आहे. द्रव्याचे गुण टिकवणारे, चवीला बरे, शीघ्र पसरणारे असे कल्प दुसरे थोडेच. त्यांतील मद्यार्काची आपल्याला लाज वाटावयास नको आणि तो लपवावयासही नको. त्याचबरोबर, रमचे उसाशी नाते आहे म्हणून तिला औषधाचा मान देण्याचेही कारण नाही. दोघी एकाच मातेच्या उदरी आल्या, पण एक वैद्याच्या चमच्यात वाढली व दुसरी भट्टीत. फरक आपण कोठे थांबतो, किती मोजतो आणि रुग्णास काय सांगतो यात आहे.

माझ्या टेबलावर आता एक लहानसा नियम लिहिलेला आहे. अरिष्ट लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न : "दुसरी कोणती औषधे चालू आहेत? मद्य घेता का, किंवा घेत होता का? आणि यात थोडा मद्यार्क व मध असतो, चालेल ना?" तीस सेकंद लागतात. औषधविक्रेत्या बंधूंनीही बाटली देताना शेवटचा प्रश्न विचारावा, अशी विनंती आहे.

लेथवाले ते गृहस्थ आजही येतात. मद्य सुटलेलेच आहे. मध्यंतरी त्यांनी नातवाला आणले होते. सर्दी होती. चिठ्ठी घेताना ते हसून म्हणाले, "साहेब, यात काय काय आहे ते आधी सांगा." मी सांगितले, एकेक करून सगळे.